चिमणी साफ करणारा ओंडका खरंच चिमणी साफ करतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये गेल्या वर्षी जुनं घर घेतलं. हॉलमध्ये विटांची फायरप्लेस आहे आणि तिच्यात आधीच्या मालकाने लाकडाचा स्टोव्ह बसवलेला आहे. पहिला हिवाळा लाकडं जाळून काढला. आता स्टोव्हची काच काळी पडते आणि हवा दमट असली की घरात डांबरासारखा वास येतो. दुकानात चिमणी साफ करणारा ओंडका वीस-बावीस डॉलरला मिळतो, विस्तवात टाकायची पूड आणि लाकडांवर मारायचा फवाराही मिळतो. माणूस बोलावला तर तो अडीचशे डॉलर सांगतो. मग ओंडका जाळून भागेल का?

नाही, भागणार नाही. पण ही सगळी उत्पादनं म्हणजे फसवणूक आहे, असंही मी म्हणणार नाही. व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरमध्ये चिमण्या साफ करण्याचं काम मी एकवीस वर्षं करतो आहे आणि यातली दोन औषधं कायम माझ्या गाडीत असतात. ती चालतात. फक्त ती जे काम करतात ते तुम्हाला वाटतं ते नव्हे. चिकटलेला थर ती ठिसूळ करतात. तो चिमणीतून बाहेर काढत नाहीत. हा फरक कळला नाही तर वीस डॉलरचा ओंडका नुसता वाया जात नाही, धोका वाढवून ठेवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चिमणी म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे गॅसच्या शेगडीवरची विजेची चिमणी येते. तिच्यात बसतो तो तेलाचा चिकटा. लाकडाच्या चिमणीत बसतं ते क्रिओसोट, आणि ते मुळात न जळलेलं लाकूडच असतं. लाकूड तापलं की आधी त्यातल्या पाण्याची वाफ होते, मग त्यातून वायू सुटतात, आणि आपण जी ज्वाळा बघतो ती बहुतांशी त्या वायूंची असते. विस्तव कडक असेल आणि हवा पुरेशी मिळत असेल तर हे वायू स्टोव्हमध्येच जळतात. विस्तव धुमसत असेल तर ते धूर होऊन वर जातात. चिमणीची आतली भिंत साधारण २५० फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे १२० सेल्सिअसपेक्षा गार असली, की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसे ते भिंतीवर धरतात आणि थर बसायला लागतो.

मी राजापूरकडचा. पावसाळ्यात ओलसर लाकडं चुलीत घातली की घरभर धूर व्हायचा आणि आजीच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. स्वयंपाकघराच्या वाशांना वर्षानुवर्षांच्या धुराचा काळा, चकचकीत लेप बसलेला होता. पहिल्यांदा इथल्या एका चिमणीत बॅटरी मारली तेव्हा मला आजीचे वासे आठवले. पदार्थ तोच. फरक एवढाच की तिथे धुराला कौलांमधून चहूकडे वाट होती, आणि इथे तो सहा-आठ इंचांच्या नळीत कोंडलेला असतो.

हा थर तीन तऱ्हांचा असतो आणि औषधाचा उपयोग होणार की नाही हे तुमच्याकडे कुठली तऱ्हा आहे यावर ठरतं. पहिली म्हणजे साधी काजळी. मऊ, भुरभुरीत, बोट लावलं की बोटाला येते. ब्रशने दहा मिनिटांत निघते. तिच्यासाठी औषध घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. दुसरी म्हणजे करपलेल्या पापडाच्या चुऱ्यासारखे काळे, जरा चमकदार पापुद्रे. हेही ब्रशने निघतात, थोडी ताकद लागते. तिसरी तऱ्हा वाईट. काकवी आटून आटून करपली की कढईला जो दगडासारखा थर धरतो, तसं हे दिसतं. नखाने ओरखडासुद्धा उठत नाही. तापलं की मऊ होऊन खाली ओघळतं आणि गार झालं की पुन्हा काचेसारखं कडक होतं. यावर तारेचा ब्रश मारला तर तो नुसता घसरतो, उलट थराला आणखी चकाकी येते. नवीन पोरं कामाला येतात तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना मी हे करून बघायला लावतो. अर्धा तास घासून घामाघूम होतात आणि खाली मूठभरसुद्धा काही पडत नाही.

औषधांची खरी गरज इथे लागते.

त्यांच्यात असतं काय? कुठे मँगनीजचे क्षार, कुठे तांब्याचे, काहींत फॉस्फेट किंवा अमोनियमचे क्षार. ओंडका असेल तर ते मेण आणि लाकडाच्या भुशात मिसळलेले असतात. जळताना ते धुराबरोबर वर जातात आणि थरावर बसतात. तिथे दोन गोष्टी होतात. थरातला ओलेपणा आणि तेलकटपणा कमी होऊन तो कोरडा, ठिसूळ व्हायला लागतो. शिवाय धातूचे क्षार उत्प्रेरकाचं काम करतात, त्यामुळे काजळीतला कार्बन एरवी लागणाऱ्या तापमानापेक्षा कमी तापमानाला हळूहळू जळून जातो. हे रसायनशास्त्र खरं आहे, त्यात भोंदूपणा काही नाही.

पण हे क्षार फक्त धूर जिथे लागतो तिथेच पोचतात. जाड थर असेल तर वरचा पापुद्रा बदलतो, आतला गाभा तसाच राहतो. एका ओंडक्यात असलेलं औषध तर फारच थोडं असतं. तो साधारण दीड तास जळतो, आणि दीड तासात पाच वर्षांचा थर सुटेल ही अपेक्षाच चुकीची आहे. पाकीट उलटून मागची बारीक अक्षरं वाचा. पुढचे दोन आठवडे नेहमीसारखा विस्तव करत राहा आणि नंतर चिमणी जाणकाराकडून तपासून साफ करून घ्या, अशा अर्थाचं त्यावर लिहिलेलं असतं. बनवणारे स्वतःच ब्रशऐवजी ओंडका असं म्हणत नाहीत. पाकिटाच्या पुढच्या बाजूचं चित्र बघून तसं आपण समजतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सुटलेल्या थराची. ठिसूळ झालेला थर निखळतो, आणि निखळलेला कुठेतरी पडणारच. सरळ उभी चिमणी थेट स्टोव्हवर उघडत असेल तर तो खाली विस्तवात पडून जळून जाईल. पण चिमणीला वळण असेल, आडवा पाईप असेल, किंवा फायरप्लेसच्या वर जो धुराचा कट्टा असतो तो असेल, तर तो तिथे साचतो.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात एका घरून फोन आला. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म रात्री दोनदा वाजला होता, अग्निशमनवाल्यांनी येऊन स्टोव्ह बंद करायला लावला होता. घरातली माणसं नीटनेटकी, काळजी घेणारी. दर वर्षी थंडीच्या सुरुवातीला एक आणि मध्यावर एक असे दोन ओंडके न चुकता जाळत होती. चार वर्षांत ब्रश एकदाही फिरला नव्हता, कारण ओंडका जाळला म्हणजे चिमणी साफ झाली अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या स्टोव्हचा पाईप भिंतीतून आडवा जाऊन बाहेरच्या उभ्या चिमणीला मिळत होता. मी तो जोड उघडला. चिमणीचं बूड पापुद्र्यांनी भरून वर आलं होतं आणि पाईपच्या तोंडाशी जेमतेम दोन बोटं फट उरली होती. पापुद्रे हातात घेतले तर कोरडे, हलके, बोटांत चुरा होणारे. म्हणजे औषध अगदी व्यवस्थित लागू पडलं होतं. पाच गॅलनची बादली भरली, रिकामी केली, पुन्हा अर्धी भरली. त्या घरात दोन लहान मुलं होती. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. अलार्मची बॅटरी चालू होती म्हणून ते कुटुंब वाचलं.

ओंडक्याला डोळे नसतात, हाही मुद्दा आहे. मी चिमणीत कॅमेरा सोडतो तेव्हा काजळी ही बघायच्या अनेक गोष्टींतली एक असते. मातीच्या लायनरला, म्हणजे चिमणीच्या आतल्या भाजक्या फरशांच्या अस्तराला, तडे गेलेत का, दोन फरशांमधला सांधा उघडा पडलाय का, वरची जाळी गंजून गेली आहे का, खारीने पाचोळा कोंबलाय का, हे सगळं त्यात येतं. इकडे चिमणी स्विफ्ट नावाचे पक्षी येतात, उन्हाळ्यात चिमणीच्या आतल्या भिंतीला काड्यांचं छोटं घरटं चिकटवतात आणि थंडीआधी दक्षिण अमेरिकेत निघून जातात. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, अंडी-पिल्लं असताना घरट्याला हात लावता येत नाही. ती उडून गेली की घरटं काढायचं आणि वर जाळी बसवायची. यातलं एकही काम औषधाने होत नाही.

घरगुती उपायांबद्दलही लोक विचारतात. बटाट्याच्या साली जाळल्या की चिमणी साफ होते, हे इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून मी शंभरदा ऐकलंय. सालींत पाणी भरपूर, त्या विस्तव गार करतात. त्यातून काही निष्पन्न होत नाही. ॲल्युमिनियमचे डबे जाळण्याचा उपायही तसाच, डबा वितळून राखेत गोळा होऊन पडतो. मीठ मात्र कृपा करून टाकू नका. मिठातलं क्लोरीन आणि धुरातली वाफ मिळून स्टेनलेस स्टीलच्या लायनरला खाते. हजारो डॉलरचा लायनर चाळणी झालेला मी पाहिला आहे. तुमच्या स्टोव्हमध्ये कॅटॅलिटिक कम्बस्टर असेल, म्हणजे आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेला भाग असेल, तर मीठच काय, दुकानातली पूडसुद्धा स्टोव्हची पुस्तिका बघितल्याशिवाय टाकू नका. तसल्या जाळीवर पॅलेडियम-प्लॅटिनमचा पातळ थर असतो आणि परका धातू बसला की ती निकामी होते.

मग मी स्वतः औषध केव्हा वापरतो? तिसऱ्या तऱ्हेचा थर दिसला की. आधी जेवढं निघेल तेवढं यंत्राने फिरणाऱ्या साखळ्यांनी किंवा कडक दांड्यांनी काढतो. मातीचा जुना लायनर असेल तर साखळी फार जपून, नाहीतर थराबरोबर फरशीही फुटते. उरलेल्यासाठी घरमालकाला फवारा देतो. रोज लाकडं घालताना दोन-तीन फवारे, चार-सहा आठवडे, आणि विस्तव कडक ठेवायचा. मग मी परत येतो आणि जो थर आधी ब्रशला दाद देत नव्हता तो कुरकुरीत होऊन खाली येतो. फारच हट्टी थर असेल तर थेट भिंतीवर लावायचा लेप असतो, तो थरात मुरतो आणि वाळला की त्याला घेऊन निखळतो. पण ते काम स्वतः करायचं नाही, त्यातली रसायनं हाताला आणि डोळ्यांना भाजतात. म्हणजे औषध आणि ब्रश ही जोडी आहे. ब्रश येणारच असेल तर औषधावरचे पैसे सत्कारणी लागतात. हिवाळ्याच्या मध्यावर बर्फामुळे छपरावर चढता येत नाही, तेव्हा थर कडक होऊ नये म्हणून अधूनमधून फवारा मारायलाही माझी हरकत नाही.

आता तुमच्या घराचं. काळी काच आणि दमट हवेतला डांबराचा वास, या दोन खुणांवरून मला वाटतं की तुमच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या तऱ्हेचा थर आहे. दुसरी शंका मला चिमणीच्या मापाबद्दल आहे. विटांची फायरप्लेस उघड्या विस्तवासाठी बांधलेली असते, तिची चिमणी मोठी असते. समजा ती आतून ११ इंच चौरस आहे. म्हणजे १२१ चौरस इंच. स्टोव्हचं तोंड बहुधा ६ इंच व्यासाचं, म्हणजे २८ चौरस इंच. चौपटीहून जास्त. इथलं चिमण्यांचं मानक एनएफपीए २११ आहे, त्यात चिमणी घराच्या आत असेल तर तिपटीपर्यंत आणि तिची एखादी बाजू उघड्यावर असेल तर दुपटीपर्यंतच मुभा आहे. छोट्या तोंडातून आलेला धूर मोठ्या नळीत गेला की मंदावतो, मंदावला की गार होतो, आणि गार झाला की भिंतीवर बसतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर या भागात घरोघरी घट्ट दाराचे स्टोव्ह आले आणि बऱ्याच जणांनी ते असेच जुन्या फायरप्लेसमध्ये सरकवून दिले. आजही आम्ही ते निस्तरतो आहोत. तुमच्याकडे असंच असेल तर स्टोव्हपासून वरच्या टोकापर्यंत ६ इंचांचा स्टीलचा लायनर, शक्य असेल तर इन्सुलेशनसह, हाच उपाय आहे. तो न करता दर वर्षी कितीही ओंडके जाळले तरी थर पुन्हा बसणार.

आणि लाकडं. इथे 'सीझन्ड', म्हणजे वाळवलेलं, म्हणून जे विकतात त्यातलं निम्मं मला ओलं सापडतं. तीस-चाळीस डॉलरचं ओलावा मोजायचं यंत्र घ्या. ओंडका फोडा आणि नुकत्याच उघडलेल्या पृष्ठभागावर सुया टोचा, बाहेरून टोचून काही कळत नाही. आकडा २० टक्क्यांच्या खाली हवा. वजनाच्या ४० टक्के पाणी असलेली १० किलो लाकडं जाळली तर आधी ४ लिटर पाणी उकळून उडवावं लागतं, आणि ती सगळी उष्णता तुमच्या खोलीऐवजी चिमणीतून जाते. मेपल, ॲश फोडून रचल्यावर साधारण वर्ष लागतं, ओकला दोन वर्षं द्या. पाईनमुळे चिमणी पेटते असं इथे सगळे सांगतात, पण वाळलेलं पाईन ओल्या ओकपेक्षा कितीतरी चांगलं. आपल्याकडे आगोटीच्या आधी लाकडं फोडून, रचून, झाकून ठेवायची पद्धत होती ना, तेच इथे करायचं. पुढच्या वर्षीची लाकडं या वसंतात फोडून वाऱ्यावर रचा. वरून झाका, बाजू मोकळ्या ठेवा.

विस्तवही रात्री झडप बंद करून धुमसत ठेवू नका. पहाटे निखारे मिळतात हे खरं, पण चिमणीत जमा होणारं बहुतेक सगळं त्या आठ तासांत जमा होतं. झोपण्यापूर्वी लाकडं घातलीत तर पंधरा-वीस मिनिटं ती नीट पेटू द्या, मग हवा हळूहळू कमी करा, ज्वाळा दिसेल इतकी ठेवून. बाहेर जाऊन चिमणीकडे बघा. विस्तव धरल्यावर अर्ध्या तासाने धूर जवळपास दिसेनासा व्हायला हवा.

चिमणी पेटलीच तर काय, हेही सांगून ठेवतो. विमान किंवा मालगाडी जवळून जावी तसा आवाज येतो, पाईप थरथरतो, वरून ठिणग्या उडतात. आत २००० फॅरनहाइट, म्हणजे ११०० सेल्सिअसपर्यंत तापमान जाऊ शकतं. स्टोव्हचं दार आणि हवेच्या झडपा बंद करा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. चिमणीत पाणी ओतू नका, तापलेला लायनर तडकतो. कधीकधी चिमणी हळू पेटून आपोआप विझते आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. नंतर मला आत अनारशासारखा जाळीदार, फुगलेला, हलका थर सापडतो, तेव्हा कळतं. तसं झालेली चिमणी तपासल्याशिवाय पुन्हा पेटवायची नाही, कारण पहिल्या आगीत पडलेल्या तड्यांमधून दुसरी आग भिंतीतल्या लाकडापर्यंत पोचते.

तेव्हा आत्ता, पुढचा विस्तव करण्याआधी, चिमणी साफ करणाऱ्याला बोलवा. नुसतं 'साफ करून द्या' म्हणू नका, 'लेव्हल टू तपासणी' मागा. ती कॅमेऱ्याने होते, आणि घराची मालकी बदलली की ती करायची असं एनएफपीए २११ मध्येच आहे. घर घेताना तुम्हाला ती कोणी करून दिली नसेल तर राहून गेली आहे. सीएसआयए, म्हणजे अमेरिकेतल्या चिमणी सुरक्षेच्या संस्थेचं, प्रमाणपत्र असलेला माणूस निवडा, साफसफाई आणि तपासणी दोन्हीचे मिळून किती होतील ते आधी विचारा. थर एक अष्टमांश इंच, म्हणजे ३ मिलिमीटर झाला की काढायचाच, असा त्यांचा नियम आहे. काम झाल्यावर कॅमेऱ्याचे फोटो मागून घ्या आणि खाली पडलेला थर कागदावर घेऊन स्वतः बघा. चुरा होणारे पापुद्रे असतील तर या वर्षी औषधाची गरज नाही. काचेसारखा कडक तुकडा असेल तर फवारा कुठला आणि किती आठवडे, हे त्यालाच विचारा, आणि तो परत कधी येणार त्याची तारीख तिथेच ठरवून घ्या. शक्यतो हे सगळं ऑगस्टमध्ये उरका. ऑक्टोबरात आम्हा कोणाकडेच तीन-चार आठवडे वेळ नसतो.